ध्वनीचा वेग: तारापूरचा स्फोट आणि काही गैरसमज

हवेतील ध्वनीचा वेग 0 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 331 मीटर असतो. तापमान एका अंशाने चढले की त्यात साधारण 0.6 मीटरची भर पडते. बोईसरला 30 अंशांच्या दुपारी तो 349 मीटर होतो, म्हणजे एक किलोमीटर जायला तीन सेकंदांहून किंचित कमी. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून थेट तितके किलोमीटर समजणारे वीज तिप्पट लांब धरतात. आलेल्या आकड्याला तीनने भागायला हवे.

11 जानेवारी 2020 रोजी संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, कोलवडे येथील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आवाज कित्येक किलोमीटर दूर ऐकू आला. एवढा प्रचंड आवाज झटक्यात पोचत असणार, असे वाटणे साहजिक आहे. मात्र स्फोटाच्या अगदी जवळ आघात-तरंग ध्वनीहून वेगाने धावतो आणि थोड्याच अंतरात तो जोर ओसरतो. पुढे मोठा आवाज आणि कुजबुज एकाच वेगाने जातात. बोईसर-पालघर रेल्वेने साधारण 12 किलोमीटर. जानेवारीतल्या संध्याकाळी एवढे अंतर कापायला कोणत्याही आवाजाला 35 सेकंदांच्या आसपास लागतील. आवाज किती दूर ऐकू येईल हे त्याच्या तीव्रतेवर ठरते, वेग मात्र माध्यम ठरवते.

अशा स्फोटानंतर ‘भूकंप झाला’ अशी अफवा पसरते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीने धक्क्यांची मालिका सोसली आहे, त्यामुळे ती भीती निराधार म्हणता येत नाही. तरीही जमिनीवरील स्फोटाची फार थोडी ऊर्जा खडकात उतरते. दूरच्या घरांची तावदाने खडखडतात ती मुख्यतः हवेतून आलेल्या दाबाच्या लाटेने. भूकंपात क्रम वेगळा असतो. बेसॉल्टसारख्या खडकातून प्राथमिक तरंग सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतात. उथळ भूकंपात त्यांचा काही अंश जमिनीतून हवेत शिरतो आणि ‘धडाम’ ऐकू येते. जास्त हलवणारे दुय्यम तरंग मागून येतात. आवाज आधी आला म्हणून आवाजानेच घर हलले, हा निष्कर्ष चुकीचा.

माध्यम जितके दाट तितका ध्वनी वेगवान, हाही अर्धवट समज आहे. रुळाच्या पोलादात तो सेकंदाला 5000 मीटरहून जास्त वेगाने जातो हे खरे. पण शिसे पोलादाहून जड असूनही त्यात वेग निम्म्याहूनही कमी भरतो. खरा प्रश्न असा, की माध्यम दाबाला किती ताठर प्रतिकार करते आणि त्या मानाने त्याची घनता किती आहे. पाणी हवेच्या तुलनेत जवळजवळ दबतच नाही, म्हणून समुद्रात वेग 1500 मीटरच्या पुढे जातो. सातपाटीच्या बोटीवरील फिश फाइंडर खोली काढतो तो याच आकड्यावर: 30 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे चार शतांशात परततो.

पावसाळी दमट हवा ‘जड’ वाटते, पण पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो. त्यामुळे दमटपणाने वेग किंचित वाढतो, किनाऱ्यावरच्या उकाड्यात साधारण अर्धा टक्का. विरळ हवेचाही असाच गैरसमज आहे. जव्हारच्या पठारावर ध्वनी किनाऱ्यापेक्षा जरा मंद असेल तर तो थंडाव्यामुळे; तापमान तेच राहिले तर हवेचा दाब कमी झाल्याने वेग जवळजवळ बदलत नाही.

थंडीच्या रात्री रेल्वेचा भोंगा लांबच्या पाड्यावर स्पष्ट ऐकू येतो, म्हणून रात्री ध्वनी वेगाने जातो असे मानले जाते. प्रत्यक्षात थंड हवेत तो मंदावतो. जमिनीलगत गार आणि वर उबदार हवेचा थर असला की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, एवढेच. वाऱ्याचेही तसेच. ताशी 20 किलोमीटरचा वारा आपल्या दिशेने जाणाऱ्या ध्वनीच्या वेगात सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर घालतो. वाऱ्याविरुद्ध आवाज विरतो तो मुख्यतः वर वळून डोक्यावरून निघून जातो म्हणून.