दूध बाधतं, म्हणजे नेमकं काय?

‘आमच्या बाळाला दूध बाधतं,’ असं आपण सहज म्हणतो. पण मैत्रिणींनो, या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. आणि एकीवरचा उपाय दुसरीत जिवावर बेतू शकतो.

पहिली तक्रार पचनाची. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, पुढे पुष्कळांचं कमी होत जातं. ज्या आनुवंशिक बदलामुळे ते मोठेपणीही टिकतं, तो आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे कमी आढळतो. तो नसेल तर पेलाभर दुधानं पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास खरा, पण धोका नाही. विरजणातले जंतू काही लॅक्टोज आधीच संपवतात, म्हणून दही-ताक अशांना बहुधा सोसतं.

दुसरी तक्रार अ‍ॅलर्जीची. इथे साखरेचा संबंध नाही. दुधातल्या केसीनसारख्या प्रथिनांनाच शरीर शत्रू समजतं. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, छाती घरघरते. काही बाळांना त्रास उशिरा होतो, शीतून रक्त पडतं. याला एकच जनुक कारण नसतं. आई-वडिलांना दमा, इसब असेल तर शक्यता वाढते. म्हणून सुनेला दोष देऊ नये!

अशा बाळाला ‘थोडं थोडं पाजा, सवय होईल’ हा घरगुती सल्ला मुळीच नको. दही, पनीरही नको. म्हशीच्या नि शेळीच्या दुधातली प्रथिनं मिळतीजुळतीच असतात, तेव्हा तोही मार्ग नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचा. दुधाची पावडर तिथेही असते. श्वास लागला, तर घरी वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

अंगावरचं दूध मात्र आपल्या मनानं तोडू नका. आईनं स्वतः दूधदुभतं वर्ज्य करायचं का, हे डॉक्टर सांगतील. वरचं खाणाऱ्या मुलाला नाचणीची खीर पाण्यात शिजवून द्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं.

आणि धीर सोडू नका. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते. पुन्हा दूध केव्हा सुरू करायचं, ते तेवढं डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरू द्या.