पेटीचं घर कधी होतं?

पेटीत वसाहत भरली म्हणजे ती आपली झाली, असं आपण धरून चालतो. सातेरी माशी तसं मानत नाही. सह्याद्रीत ज्यांनी ही माशी पाळली, त्यांना ठाऊक आहे: आज भरलेली पेटी परवा रिकामी. तेव्हा प्रश्न तिला कोंडायचं कसं हा नाही. तिने राहावं कशासाठी, हा आहे.

ॲरिस्टॉटल राणीमाशीला राजा समजत होता. आपणही नकळत तसंच समजतो आणि म्हणतो, राणी अडवली की काम झालं. म्हणून पेटीला राणीद्वार लावतात. त्यातून कामकरी माशी जाते, अंगाने मोठी राणी जात नाही. सुरुवातीचे काही दिवस याचा उपयोग आहेच. पण राणी नवी असेल, नराशी मिलन व्हायचं असेल, तर हेच द्वार वसाहतीचा घात करतं. कारण मिलन पेटीबाहेर, उडताना होतं.

मग माशी टिकते कशाने? मुख्यतः पिल्लांमुळे. अंड्यातून तीन दिवसांत अळी निघते आणि तिला सारखं भरवावं लागतं. ती टाकून जाणं वसाहतीला जड जातं. म्हणून ढोलीतून वसाहत काढली असेल, तर अंडी-अळ्यांची पोळी केळीच्या सोपटाने चौकटींना बांधून द्यावीत. नुसता थवा धरला असेल, तर दुसऱ्या निरोगी सातेरी वसाहतीतली पिल्लांची एक चौकट, माश्या झाडून, आत ठेवावी.

बाकीचं सगळं त्रास कमी करण्यासाठी. वसाहत संध्याकाळी भरावी. पेटी सावलीत, दार लहान. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक अंधार पडल्यावर पेटीच्या आतच द्यावा. बाहेर सांडला, तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात.

आणि रोज झाकण उघडू नये! आपली काळजी हा तिच्या लेखी हल्ला असतो. दारावरून बघावं. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या आत जात असतील, तर आत बहुधा पिल्लं आहेत. आठवड्याने एकदाच उघडा. नवं पांढरं पोळं आणि त्यात अंडी दिसली, की राणीद्वार काढून टाका. दार मोकळं असूनही ती राहिली, तरच ते तिचं घर झालं म्हणायचं.