लहान मूल घेऊन जर्मनीस जावयाचें तर

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घराण्यांस जर्मनी हा देश अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळके १९०९ सालीं छपाईची नवी कला पाहण्यासाठीं तेथें जाऊन आले. इरावतीबाई कर्वे यांनीं १९२८ ते १९३० या काळांत बर्लिनमध्यें राहून डॉक्टरेट मिळविली, आणि त्यांचे श्वशुर अण्णासाहेब कर्वे सत्तरी उलटल्यावर १९२९ सालीं युरोपच्या प्रवासास निघाले तेव्हां बर्लिनमध्यें आइन्स्टाइन यांस भेटून आले. परंतु हीं सर्व मंडळी कांहीं तरी कार्य मनांत धरून गेली. मूल कडेवर घेऊन आठ दिवस केवळ हिंडावयास जर्मनीस जावें, ही गोष्ट मात्र आमच्या पिढीचीच.

याचें कारण उघड आहे. नाशिकच्या बॉश कारखान्याचें आणि चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्याचें मूळ घर स्टुटगार्ट. मुंबई व स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-नगरें म्हणून जोडलेलीं आहेत. आणि स्टुटगार्ट ज्याची राजधानी त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांताशीं महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं कुशल मनुष्यबळासंबंधीं करारहि केला. त्यामुळें एखादा पुतण्या, एखादा धाकटा दीर तिकडे नोकरीस आहे असें घर आतां पुण्या-नाशकांतच नव्हे, तर आमच्या कड्यासारख्या गांवींहि आढळतें. "एकदां येऊन जा" असें तिकडून फोनवर म्हणणें सोपें. इकडे एकत्र कुटुंबांत त्या तीन शब्दांवर महिनाभर खल चालतो. आमच्या घरीं तो चालला, आणि त्यांतून जें ठरलें तें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

कडा हें बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील, पर्जन्यछायेंतलें गांव. आगगाडी आमच्याकडे आली ती २०२२ च्या सप्टेंबरांत, नगर-आष्टी मार्ग सुरू झाला तेव्हां. अशा गांवच्या घरांत जर्मनीचा बेत निघाला कीं साहजिकच मतें फुटतात. एक पक्ष म्हणाला, एवढे पैसे खर्चावयाचेच तर एखाद्या प्रवासी मंडळीबरोबर पांच देश पाहून यावें. दुसरा पक्ष म्हणाला, चार वर्षांच्या मुलीस त्यांतलें काय कळणार? तिला घरीं ठेवावें आणि मोठ्यांनीं मोकळेपणानें जावें. या दुसऱ्या मतास घरांत बहुमत होतें, आणि आमच्या मातोश्रींनीं तर लागलीच सांगून टाकलें, "तुम्ही जाऊन या रे, पोरीला मी सांभाळतें."

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. मूल घरीं ठेवावयाचें म्हणजे कोणी तरी घरीं राहावयाचें, आणि तें कोणी तरी म्हणजे बहुधा आजी, नाहीं तर थोरली सून. एकत्र कुटुंबाची ही सोय आपण इतकी गृहीत धरतों कीं तिची किंमत कोण देतें हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. मातोश्रींचें वय अडुसष्ट. धाकट्या मुलाचें बिऱ्हाड त्यांनीं फोनच्या पडद्यावर पाहिलें होतें तेवढेंच; स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूस आहे हें त्यांनीं त्याला दोनदां विचारल्याचें आम्हांस आठवतें. गुडघे आज चालत आहेत, दोन वर्षांनीं चालतील कीं नाहीं कोण सांगणार? तेव्हां मुलीस नेलें तरच आजी येतात, हें एकदां स्पष्ट झाल्यावर बहुमत फिरलें. घरच्या देवांची पूजा वडिलांनीं पत्करली. थोरल्या वहिनी या वेळीं मागें राहिल्या. पुढच्या फेरीस पहिलें नांव त्यांचें, हें मात्र निघण्यापूर्वींच सर्वांसमक्ष ठरवून घेतलें.

मग पांच देशांचा बेत आपोआपच गळाला. रोज पहाटे सामान बांधावयाचें, दिवसभर मोटारींत बसावयाचें आणि रात्रीं नव्या पलंगावर मुलीस निजवावयाचें, हें तिलाहि झेपणारें नव्हतें व आजींनाहि नव्हतें. चार वर्षांच्या मुलीची चाल व अडुसष्ट वर्षांच्या आजीची चाल फारशी निराळी नसते: दोघी थोडें चालतात, वारंवार बसतात, आणि दुपारीं दोघींना लवंडावयास लागतें. म्हणून शहर एक, बिऱ्हाड एक, आणि दिवसाकाठीं पाहण्याची जागाहि एकच, असा क्रम आम्हीं धरला.

दिवस आंखतांना घड्याळाचा हिशेब अवश्य करावा. उन्हाळ्यांत जर्मनीचें घड्याळ आपल्या मागें साडेतीन तास असतें, हिवाळ्यांत साडेचार. कड्यास सातला उठणारी मुलगी तेथें पहिले कांहीं दिवस पहाटे साडेतीनला उठून बसते, आणि संध्याकाळीं पांचलाच पेंगूं लागते. तिच्याशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. सकाळचा वेळ हा तिचा ताजेपणाचा, तेव्हां बाहेर पडणें सर्व सकाळीं; संध्याकाळ घरीं. मे महिन्यांत तेथें रात्रीं नवाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, म्हणून निजावयाच्या खोलीस जाड पडदे आहेत कीं नाहींत हें आधीं विचारून ठेवावें. पोहोंचल्या दिवशीं कोणताहि कार्यक्रम ठेवूं नये.

कागदपत्रांची हकीकत थोडक्यांत सांगतों. तान्ह्या मुलासहि स्वतंत्र पासपोर्ट लागतो, व लहान मुलाचा पासपोर्ट पांच वर्षांचाच असतो. तेव्हां तारीख पाहून घ्यावी. अल्प मुदतीच्या व्हिसासाठीं मोठ्या माणसास ९० युरो पडतात. सहा वर्षांखालील मुलास कांहींच पडत नाहीं. मुलाच्या अर्जावर आई व बाप दोघांच्याहि सह्या हव्यात. प्रवासाच्या विम्यांत औषधोपचारासाठीं निदान ३०,००० युरोंची तरतूद असावी लागते. अर्ज सहा महिने आधीं करतां येतो. मेच्या सुटींत जावयाचें तर संक्रांतीनंतर स्वस्थ बसूं नये.

आतां खाण्यापिण्याविषयीं, कारण शाकाहारी घरांत खरी काळजी हीच. प्रथम एक गोष्ट, जी ऐकून आमच्या मातोश्रींस फार वाईट वाटलें: युरोपांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशानें दूधदुभत्याचे पदार्थ आणूं नयेत असा कायदा आहे. घरचें कढवलेलें तूप, लोणी, खवा, अर्थातच खव्याचे पेढे, हें सर्व कड्यासच ठेवावें लागतें. तान्ह्या मुलांची दुधाची भुकटी मात्र न फोडलेल्या डब्यांतली, ठराविक मर्यादेंत चालते. परंतु तुपाविना मेतकूट-भात खावा लागेल असें मात्र नाहीं. जर्मन लोक तळण्यासाठीं लोणी कढवूनच वापरतात. त्यास ते बुटरश्माल्झ म्हणतात व तें कोणत्याहि वाण्याकडे मिळतें. मातोश्रींनीं तें हुंगून पाहिलें, चमचाभर भातावर घातलें, आणि "रवाळ नाहीं, पण तूपच आहे" असा निर्वाळा दिला. मेतकूट, ज्वारीचें पीठ, भाजणी हें सोबत न्यावयास हरकत नाहीं.

तेथील पदार्थांत सावध राहण्याच्या जागा आहेत त्या ध्यानांत ठेवाव्या. मुलांच्या हातीं सर्वत्र पडणाऱ्या अस्वलाच्या आकाराच्या रंगीत मऊ गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतें, व तें बरेचदां डुकराचें असतें. कांहीं दह्या-मिठायांतहि तें घालतात. ब्रेत्झेल नांवाचा गांठीच्या आकाराचा पाव मुलांस फार आवडतो, परंतु कांहीं भट्ट्यांत त्याच्या कणकेंत चरबी मळतात, विचारून घ्यावें. स्पेट्झले ही त्या प्रांताची शेवयांसारखी वस्तु अंड्यावांचून होत नाहीं. पाकिटावर पिवळ्या वर्तुळांत हिरवें व्ही अक्षर असलें म्हणजे वस्तु शाकाहारी समजावी. मात्र या खुणेखालीं अंडें चालतें. अंडेंहि न खाणाऱ्यांनीं 'व्हेगन' हा शब्द शोधावा. नळाचें पाणी निर्धास्त प्यावें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिलेल्या आमच्या मुलीस, कोणत्याहि नळाचें पाणी थेट प्यावयाचें याचें मोठें अप्रूप वाटलें. बाटलीबंद पाणी घेतलेंच तर प्लास्टिकच्या बाटलीमागें २५ सेंट अनामत आकारतात, ती रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत घातली कीं परत मिळते. हें यंत्र आमच्या मुलीनें सबंध जर्मनींतील सर्वांत प्रेक्षणीय वस्तु ठरविली.

शहराकडे वळूं. स्टुटगार्ट हें डोंगरांनीं वेढलेल्या खोलगट जागेंत वसलेलें आहे. तेथील लोक आपल्या शहराच्या या भागास कढईच म्हणतात. कढईच्या कांठावर चढण्यास चारशेंहून अधिक दगडी जिने आहेत. द्राक्षमळ्यांच्या काळापासूनचे हे जिने चित्रांत फार सुंदर दिसतात, परंतु ढकलगाडी व आजी यांच्या दृष्टीनें ते निरुपयोगी होत. म्हणून बिऱ्हाड पाहतांना तें सपाटीवर, ट्रामच्या थांब्याजवळ पाहावें. टेकडी चढावयाची हौस असेल तर मारियेनप्लाट्झपासून डेगरलोखपर्यंत १८८४ सालापासून चालत आलेली दांतेरी रुळाची गाडी आहे. ती चढते तेव्हां खिडकींतून शहर तिरपें होत जातें. सहा वर्षांखालील मुलास या गाड्यांत तिकीट पडत नाहीं. डेगरलोखच्या बाजूस १९५६ सालीं बांधलेला दूरचित्रवाणीचा मनोरा आहे. काँक्रीटचा असा मनोरा जगांत प्रथम बांधला गेला तो हाच. दीडशें मीटर उंचीवरच्या सज्जापर्यंत पाळणा नेतो.

एक अख्खी सकाळ विल्हेल्मा या उद्यानास द्यावी. व्युर्टेंबर्गच्या विल्हेल्म राजानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत अरबी धाटणीचे महाल व बाग बांधविली. त्यांतच पुढें प्राणिसंग्रहालय झालें. एका बाजूस आजीनें काचघरांतील ओळखीच्या झाडांचीं नांवें सांगावीं, दुसऱ्या बाजूस नातीनें माकडें पाहावीं, अशी सोय दुसऱ्या ठिकाणीं क्वचितच असेल. मोटारींचें संग्रहालय जगप्रसिद्ध आहे खरें. परंतु चार वर्षांचें मूल तेथें अर्ध्या तासांत कंटाळतें, म्हणून तें पुरुष मंडळींनीं वेगळें पाहावें.

किलेसबर्ग या टेकडीवरच्या बागेंत मुलांची छोटी आगगाडी आहे, ती उन्हाळी महिन्यांत धांवते. कड्याच्या मुलीस आगगाडीचें अप्रूप नुकतेंच सुरू झालेलें, त्यामुळें येथून तिला हलविणें कठीण गेलें. ही बाग १९३९ सालची. मोठ्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून जावें: याच जागीं १९४१ च्या नोव्हेंबरअखेर व्युर्टेंबर्गमधील सुमारें एक हजार ज्यू स्त्रीपुरुषांस, मुलाबाळांसह, गोळा करून १ डिसेंबरला रीगा येथें पाठविण्यांत आलें. बहुतेक परत आले नाहींत. तेथें स्मारकशिला आहे. मुलगी गाडींत बसली होती तेवढा वेळ आम्ही त्या शिळेपाशीं उभे होतों.

याशिवाय गल्लोगल्लीं मुलांसाठीं वाळू, झोके, घसरगुंड्या असलेल्या मोकळ्या जागा आहेत व तेथें पैसा पडत नाहीं. ज्या देशांत फ्रोबेलनें १८४० सालीं आपल्या बालशाळेस 'मुलांची बाग' या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें, त्या देशास हें शोभतेंच. मुलांच्या खेळण्याचा गलबला हा सामान्यतः उपद्रव मानूं नये, असें तेथील कायद्यांत २०११ सालीं लिहून ठेवलें आहे. मात्र रात्रीं दहानंतर व रविवारीं इमारतींत शांतता पाळण्याचा रिवाज कडक आहे. मुलीस जिन्यांत धांवूं देऊं नये.

रविवारीं दुकानें कायद्यानेंच बंद असतात. दूध, भाजी, मुलाचें सामान शनिवारींच आणावें. अगदींच अडलें तर मोठ्या स्टेशनांतील दुकानें उघडीं असतात. ताप, खोकला, जुलाब यांचीं नेहमींचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच न्यावीं, कारण तेथें चिठ्ठीवांचून प्रतिजैविकें मिळत नाहींत. अवेळीं डॉक्टर हवा असल्यास ११६११७, आणि जिवावरचें संकट असल्यास ११२, हे दोन क्रमांक आजींच्या बटव्यांतहि लिहून ठेवावे. मोटारींत लहान मुलास बांधावयाचें आसन सक्तीचें आहे, तेव्हां विमानतळावर घ्यावयास येणाऱ्या दिरास तें आणावयास सांगावें.

फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच स्टुटगार्टास आगगाडी मिळते व ती सव्वा तासाच्या सुमारास पोहोंचविते, निदान वेळापत्रकांत तरी. जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाची जी ख्याति आपण लहानपणापासून ऐकली ती आतां जुनी झाली. २०२४ सालीं लांब पल्ल्याच्या शंभरांपैकीं बासष्ट-त्रेसष्ट गाड्याच वेळेवर पोहोंचल्या. परतीच्या दिवशीं विमानापूर्वीं सुटणारी शेवटची गाडी धरूं नये, तिच्या आधींच्याहि आधींची धरावी, आणि मुलीसाठीं दहीभाताचा डबा वरच्याच पिशवींत ठेवावा. विमानतळाच्या तपासणींत दही अडतें. तेव्हां तो डबा आगगाडींतच संपवावा.