थांबलेला ठिपका

मार्चचा पहिला शनिवार मावळून भारतात रविवार लागलेला असतो. घड्याळात रात्रीचे साडेबारा. त्याच क्षणी अलास्कातील अँकरेज शहरात शनिवारचे सकाळचे दहा वाजलेले असतात आणि तेथील फोर्थ अ‍ॅव्हेन्यू या हमरस्त्यावर कुत्र्यांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. हिवाळाभर ज्या रस्त्यावरचे बर्फ हटवायचे, त्याच रस्त्यावर आदल्या रात्री मालमोटारी भरून बर्फ आणून पसरले जाते. त्यावरून दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. गाडीला चाके नसतात, लांब घसरपट्ट्या असतात. पुढे जोडीजोडीने जुंपलेली कुत्री आणि मागे त्या पट्ट्यांवर पाय रोवून उभा असलेला सारथी. या सारथ्याला तिकडे ‘मशर’ म्हणतात आणि या शर्यतीचे नाव आहे ‘इडिटारॉड’.

अँकरेजची ही सुरुवात केवळ समारंभाची. त्या दिवशी लिलावात बोली लावून काही हौशी चाहते काही मैल गाडीत बसून जाण्याचा मानही मिळवतात. खरी शर्यत दुसऱ्या दिवशी, उत्तरेकडच्या विलो या गावाहून सुरू होते आणि बेरिंग समुद्राच्या काठावरील नोम या गावी संपते. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली लोहमार्गापेक्षाही दोनशे किलोमीटरने अधिक. वाटेत अलास्का पर्वतरांग, ओसाड पडलेली खाणवसाहत, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी गोठलेला समुद्र. सम वर्षी मार्ग उत्तरेकडून जातो, विषम वर्षी दक्षिणेकडून. त्यामुळे वाटेवरच्या अधिक खेड्यांना पाहुणचाराची संधी मिळते.

आता प्रश्न असा, की अशा शर्यतीचा चाहता नेमके काय पाहतो? ना मैदान, ना प्रेक्षागार. विलो सोडल्यावर सारथी आणि त्याची चौदा-सोळा कुत्री अरण्यात दिसेनाशी होतात. एकेकाळी नाक्यानाक्यांवरच्या हौशी रेडिओचालकांकडून येणाऱ्या निरोपांवरच सारी भिस्त असे. ट्रान्झिस्टर कानाला लावून दूरदेशीच्या कसोटी सामन्याचे धावते वर्णन ऐकणाऱ्या पिढीला त्या प्रतीक्षेची गोडी वेगळी सांगायला नको. पुढे प्रत्येक गाडीवर उपग्रहाशी संपर्क राखणारे जीपीएस यंत्र आले आणि संगणकाच्या पडद्यावरील नकाशात प्रत्येक सारथ्याचा एक क्रमांकित ठिपका सरकू लागला. आता जगभरातील चाहते आठ-दहा दिवस, रात्री-अपरात्री, हे ठिपके पाहत बसतात. शाळांतही मुले आपला एकेक सारथी निवडतात आणि त्याच्या वाटचालीवरून भूगोल-गणित शिकतात.

नवख्या चाहत्याची पहिली फसगत इथेच होते. सर्वांत पुढचा ठिपका म्हणजे आघाडीवीर, असे त्याला वाटते. वस्तुतः पहिल्या चार-पाच दिवसांत त्या क्रमवारीला फारसा अर्थ नसतो. नियमानुसार प्रत्येक संघाने वाटेत कोठेतरी सलग २४ तासांची एक विश्रांती घेतलीच पाहिजे. ती कोठे घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एखादा ती लवकर उरकतो, दुसरा ती हातची राखून पुढे धावत सुटतो. शिवाय सुटताना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने जो फरक पडलेला असतो, तोही याच विश्रांतीत वळता करून घेतला जातो. त्यानंतर युकॉन नदीवर आठ तास आणि नोमच्या अलीकडे व्हाइट माउंटन येथे पुन्हा आठ तास सक्तीने थांबायचे. मुरलेला चाहता वही-पेन्सिल घेऊन बसतो. कोण किती तास धावला, किती तास थांबला, कोणाची विश्रांती अजून ‘देणे’ आहे, याचा जमाखर्च तो मांडतो. बँकेच्या पासबुकातील आकडा पाहताना अजून न वटलेले धनादेश ध्यानात ठेवावे लागतात, तसाच हा प्रकार. अर्ध्या वाटेवर जो पहिला पोहोचतो त्याला बक्षीस मिळते खरे, पण तो शेवटी क्वचितच जिंकतो, अशी एक जुनी समजूतही चाहत्यांत आहे.

ठिपका थांबतो तेव्हा प्रत्यक्षात काय चाललेले असते, हे कळल्यावर पाहण्याची दृष्टीच बदलते. उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत सारथी आधी कुत्र्यांसाठी पेंढा अंथरतो. मग त्यांच्या पायांतले कापडी मोजे काढून एकेक पंजा तपासतो, चोळतो. बर्फ वितळवून पाणी करतो आणि विमानाने आधीच नाक्यावर पोहोचवलेल्या पिशव्यांतील मांस त्यात शिजवून वाढतो. धावणारे कुत्रे दिवसाला दहा हजारांच्या आसपास उष्मांक खर्च करते. वजन मात्र अवघे वीस-पंचवीस किलो. सगळ्यांचे खाणेपिणे होईपर्यंत विश्रांतीची बरीच वेळ संपलेली असते. सारथ्याला स्वतःला उरते ती तास-दीड तासाची डुलकी. नाक्यावरचे पशुवैद्य प्रत्येक कुत्र्याची नाडी, सांधे, वजन पाहतात. दमलेले वा लंगडणारे कुत्रे तेथेच ठेवून विमानाने परत पाठवले जाते. अँकरेजजवळच्या महिला कारागृहातील बंदिवान स्त्रियांनी अशा परतलेल्या कुत्र्यांची अनेक वर्षे शुश्रूषा केली आहे. शेवटी नोमला पोहोचताना निदान पाच कुत्री जुंपलेली असावी लागतात.

वाटेवरची बक्षिसेही मजेदार आहेत. युकॉनवर जो पहिला पोहोचेल त्याच्यासाठी शहरातून आलेला आचारी अनेक पदार्थांची साग्रसंगीत मेजवानी रांधतो. झोपेने पेंगुळलेला सारथी, मांडलेले टेबल आणि भोवती बघ्यांची दाटी, हे दृश्य दरवर्षी छापून येते. समुद्रकाठच्या उनालक्लीटला पहिला येणाऱ्यास सोन्याचे कण मिळतात. कित्येक वर्षे हे सोने एका बँकेकडून दिले जात असे. यात औचित्य आहे, कारण इडिटारॉड हे मुळात सोन्याच्या शोधातून वसलेल्या आणि पुढे उजाड झालेल्या गावाचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथले सोने कुत्र्यांच्या गाड्यांवरूनच बंदरापर्यंत येई.

पुढे विमाने आली, मग स्नोमोबाइल आली. १९६०च्या दशकात खेड्यापाड्यांतून गाडीची कुत्री दिसेनाशी होऊ लागली. जो रेडिंग्टन या सारथ्याला ही गोष्ट सलत होती. जुन्या मार्गावर शर्यत घ्यावी ही मूळ कल्पना डोरोथी पेज या महिलेची. १९६७ साली दोघांनी मिळून एक छोटी शर्यत घेतली. नोमपर्यंतच्या मोठ्या शर्यतीसाठी रेडिंग्टन यांनी पन्नास हजार डॉलरची बक्षिसे जाहीर केली, तेव्हा गाठीला पैसा नव्हता आणि त्यांना कर्ज काढावे लागले. १९७३ साली ३४ सारथी निघाले, २२ पोहोचले. विजेते डिक विल्मार्थ यांना वीस दिवस लागले आणि बारा हजार डॉलर मिळाले. पुढे २०१७ साली मिच सीव्ही यांनी हीच मजल आठ दिवस आणि चार तासांहूनही कमी वेळात मारली. तेव्हा त्यांचे वय ५७ होते.

पुष्कळांना वाटते, की ही शर्यत १९२५ सालच्या औषधवारीच्या स्मरणार्थ आहे. त्या वर्षी नोममध्ये घटसर्पाची साथ आली असता वीस सारथ्यांनी आळीपाळीने धावून सुमारे १,०८५ किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत प्रतिविष पोहोचवले. ती कथा रोमहर्षक आहेच, पण शर्यतीचे खरे कारण रेडिंग्टन यांची वर सांगितलेली तळमळ हे होय. चाहत्यांमध्ये मात्र आजही वाद रंगतो: शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, आणि सर्वांत लांब व बिकट मजल मारणारा टोगो कित्येक वर्षे उपेक्षितच राहिला.

चाहत्यांच्या आठवणीतली सर्वांत विलक्षण रात्र मात्र ११ मार्च २०१४ची. व्हाइट माउंटनहून चार वेळचे विजेते जेफ किंग सर्वांत पुढे निघाले होते. मागोमाग अ‍ॅली झर्कल. झर्कल त्याआधी सलग दोन वर्षे दुसऱ्या आल्या होत्या. डॅलस सीव्ही बरेच मागे, तिसरे. नोम अवघे सव्वाशे किलोमीटर उरले होते आणि वाऱ्याने रौद्र रूप धारण केले. पडद्यावर पाहणाऱ्यांना एवढेच दिसले, की सेफ्टी या अखेरच्या नाक्याच्या अलीकडे किंग यांचा ठिपका थांबला आहे. पाच मिनिटे गेली, तास गेला; ठिपका हलेना. वाऱ्याने त्यांची गाडी मार्गाबाहेर भिरकावली होती आणि कुत्री पुढे जाऊ शकत नव्हती. किंग यांनी अखेर शर्यत सोडली. झर्कल सेफ्टीला पोहोचल्या आणि वादळ पाहून तेथेच थांबल्या; अडीच तास. तेवढ्यात सीव्ही आले आणि तीन मिनिटांत नाका सोडून अंधारात निघून गेले. हे कळताच झर्कलही निघाल्या.

आता गंमत पाहा. अलास्कात पहाटेचे चार वाजत होते, भारतात त्याच दिवसाची संध्याकाळ होती आणि जगभरातील चाहत्यांना ठाऊक होते, की विजयासाठी झुंज चालली आहे. ठाऊक नव्हते ते एकट्या डॅलस सीव्ही यांना! आपण तिसऱ्या क्रमांकासाठी धावत आहोत आणि मागून लुकलुकणारा दिवा आपल्या वडिलांचा, म्हणजे मिच सीव्ही यांचा आहे, अशी त्यांची समजूत होती. नोमच्या कमानीखाली ते थकून खाली बसले, आणि मग कोणीतरी त्यांना सांगितले, की आपण जिंकला आहात. दोन मिनिटे बावीस सेकंदांनी झर्कल आल्या. सलग तिसऱ्यांदा दुसऱ्या. त्यांना विजेतेपद कधीच मिळाले नाही. तरी त्यांच्याइतके प्रेम फार थोड्या विजेत्यांना लाभले असेल.

दुसरी आठवण २०१९ची. निकोलस पेटी आघाडीवर होते. शाक्टूलिक ते कोयुक हा गोठलेल्या समुद्रावरचा पट्टा. याच पट्ट्यात आदल्या वर्षी ते वादळात वाट चुकले होते. या वेळी हवा बरी होती, तरी ठिपका थांबला. एक कुत्रे दुसऱ्याला छळत होते म्हणून सारथी त्याच्यावर ओरडला, आणि सारा संघच बसला. आर्जवे झाली, खाणे झाले, कुत्री उठेनात. पीट कायझर मागून येऊन पुढे गेले आणि ती शर्यत जिंकणारे युपिक समाजातील पहिले सारथी ठरले. त्यांच्या बेथेल गावाहून आलेल्या आप्तेष्टांनी नोममध्ये पारंपरिक गाण्यानृत्याने त्यांचे स्वागत केले. पेटी यांना मात्र शर्यत सोडावी लागली. कुत्र्यांना पळवता येत नाही, ती पळतात, असे जुने सारथी सांगतात, त्याचा अर्थ त्या दिवशी सर्वांना कळला.

पण प्रत्येक थांबलेल्या ठिपक्यामागे रुसवाच असतो असे नाही, आणि चाहत्याच्या मनातली खरी धाकधूक हीच. २०२४च्या शर्यतीत तीन कुत्री धावता धावता दगावली. २०१९नंतर प्रथमच असे घडले. प्राणिप्रेमी संघटनांचा आक्षेप जुना आहे: माणसाच्या हौसेसाठी मुक्या प्राण्याला हजार मैल का पळवावे? शर्यतीच्या बाजूने सांगितले जाते, की निघण्यापूर्वी प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी व हृदयालेख होतो, नाक्यानाक्यावर वैद्य असतात, आणि ही जात धावण्यासाठीच आसुसलेली असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सुटण्याच्या क्षणी साज ताणून उड्या मारणारी कुत्री ज्याने पाहिली, त्याला ती बळजबरी वाटत नाही. आणि दगावलेल्या कुत्र्याची बातमी ज्याने वाचली, त्याला त्या उड्यांचा दाखला पुरा वाटत नाही. ह्या प्रश्नाला बगल देऊन या शर्यतीवर प्रेम करता येणार नाही.

या टीकेच्या काळातच आश्रयदातेही दूर झाले. २०१७ साली वेल्स फार्गो बँक, २०२० साली अलास्का एअरलाइन्स, पाठोपाठ एक्सॉनमोबिल. २००८ साली नव्वदहून अधिक संघ उतरले होते. २०२३ साली केवळ ३३, पहिल्या वर्षापेक्षाही एक कमी. त्या वर्षी रेडिंग्टन यांचे नातू रायन जिंकले. निसर्गही साथ देईनासा झाला आहे. बर्फाअभावी २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ साली शर्यत फेअरबँक्सहून काढावी लागली; २०१६ साली तर अँकरेजच्या समारंभासाठी आगगाडीने बर्फ आणले गेले.

विजेता पोहोचला की बाहेरच्या जगाचे लक्ष उडते. चाहत्याचे उडत नाही. शर्यत सुरू होताच नोममध्ये कमानीपाशी एक कंदील लावलेला असतो. जुन्या काळी वाटेवर कोणी सारथी आहे असे कळले, की धर्मशाळेच्या दाराशी असाच दिवा लावून ठेवत आणि तो सुखरूप आल्यावर विझवत. शेवटच्या क्रमांकाच्या बक्षिसाचे नावही ‘लाल कंदील’ असेच आहे. १९७३ साली तो मिळवणारे जॉन शुल्ट्झ ३२ दिवसांनी पोहोचले होते. आजही शेवटचा ठिपका सेफ्टी सोडून गावाजवळ येतो, तेव्हा नोमचा भोंगा पहिल्याइतक्याच जोरात वाजतो. माणसे हातातले काम टाकून फ्रंट स्ट्रीटवर येतात. सारथी कमानीखाली थांबतो, म्होरक्या कुत्र्यांच्या माना कुरवाळतो, आणि मग पुढे होऊन तो कंदील विझवतो.