गृहतापनासाठी उष्णता-पंप : कार्यक्षमतेचे तत्त्व, वापर व निगा

उष्णता स्वभावतः उष्ण पदार्थाकडून शीत पदार्थाकडे वाहते. तिला उलट दिशेने न्यावयाचे झाल्यास बाहेरून कार्य खर्ची घालावे लागते. पाणी उतारावरून आपोआप वाहते, परंतु विहिरीतून वर काढावयाचे तर मोट किंवा पंप लागतो, तसाच हा प्रकार होय. घरातील शीतकपाट हे या तत्त्वाचे सर्वपरिचित उदाहरण. त्यात आतील उष्णता उचलून बाहेर टाकली जाते. आतील गारवा हे तेथे साध्य आणि मागील बाजूस जाणवणारी ऊब हा केवळ निरुपयोगी अवशेष. उष्णता-पंपात यंत्ररचना तीच असते, परंतु साध्य बदलते. बाहेरील थंड हवेतून, भूमीतून किंवा नदीच्या पाण्यातून उष्णता उचलून ती घरात सोडणे हा त्याचा हेतू असतो.

ही कल्पना नवी नाही. उष्णतेपासून मिळू शकणाऱ्या कार्याची मर्यादा सादी कार्नो याने १८२४ साली मांडली. त्याच विचाराचा उलट उपयोग करून इमारती उबदार ठेवता येतील, असे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याने १८५२ साली दाखवून दिले. झूरिक येथील नगरभवनात १९३८ साली लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसविण्यात आला. तथापि कोळसा, तेल व वायू स्वस्त असेतोवर या यंत्राकडे फारसे लक्ष गेले नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर व अलीकडे हवामानबदलाच्या चिंतेमुळे युरोपात त्याचा प्रसार वाढला आहे. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या कडक हिवाळ्याच्या देशांतच त्याचा घरोघरी वापर विशेष आढळतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कार्यक्षमतेतील तफावत

यंत्राला पुरविलेल्या प्रत्येक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते, या प्रमाणास कार्यगुणांक म्हणतात. संपूर्ण हिवाळ्याचा हिशेब केला असता जी सरासरी येते, ती हंगामी कार्यगुणांक होय. जर्मनीतील फ्राउनहोफर सौर ऊर्जा संस्थेने जुन्या घरांत प्रत्यक्ष केलेल्या मोजमापांत ही सरासरी हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांसाठी सुमारे ३.१ व भूमीतून उष्णता घेणाऱ्या पंपांसाठी सुमारे ४.१ आढळली. याउलट, ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक घरांची जी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तीत काही पंप उत्तम तर काही निकृष्ट चालत असल्याचे दिसून आले. यंत्राच्या जातीपेक्षा त्याची मांडणी, नियंत्रण व वापर यांचा या तफावतीशी अधिक संबंध होता.

या तफावतीचा आर्थिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या घराला वर्षास १२,००० युनिट उष्णता लागते असे मानू. ९० टक्के कार्यक्षम वायु-बंबास त्यासाठी सुमारे १३,३३० युनिट वायू लागेल. विजेचा दर वायूच्या तिप्पट असल्यास, आणि युरोपातील काही देशांत तो त्याहूनही अधिक असतो, हा खर्च सुमारे ४,४४० युनिट विजेच्या किमतीइतका होतो. पंपाचा हंगामी कार्यगुणांक २.५ असेल तर ४,८०० युनिट वीज लागेल व कुटुंबास तोटा होईल, तो ३.५ असेल तर सुमारे ३,४३० युनिट पुरतील व स्पष्ट बचत होईल. अर्थात एकच यंत्र एका घरात लाभदायक व शेजारच्या घरात भुर्दंडाचे ठरू शकते. म्हणूनच त्याचा वापर कसा करावा हा प्रश्न गौण नाही.

उंचीचा नियम

विहिरीची उपमा येथे पुन्हा उपयोगी पडते. पाणी जितके अधिक उंच चढवावे तितके कार्य अधिक लागते. उष्णता-पंपात ही ‘उंची’ म्हणजे बाहेरील तापमान व घरात खेळविल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान यांतील अंतर होय. कार्नोच्या सिद्धांतानुसार आदर्श यंत्राचा कार्यगुणांक म्हणजे उष्ण बाजूचे निरपेक्ष तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतील अंतर. बाहेर ०° से. असताना पाणी ३५° से. पर्यंत तापवावयाचे असेल तर हा गुणांक ३०८ भागिले ३५, म्हणजे ८.८ येतो, पाणी ५५° से. पर्यंत तापवावयाचे असल्यास ३२८ भागिले ५५, म्हणजे सुमारे ६ इतकाच उरतो. प्रत्यक्षातील यंत्र घर्षण, दाबातील घट व उष्णता-विनिमयातील तापमानाची घट यांमुळे या आदर्शाच्या साधारणतः ४० ते ५० टक्केच गाठते. म्हणजे पहिल्या स्थितीत ३.५ ते ४.४ व दुसऱ्या स्थितीत २.४ ते ३.

विहिरीतील पाण्याची पातळी जशी शेतकऱ्याच्या हाती नसते, तसे बाहेरील तापमान घरमालकाच्या हाती नसते. परंतु टाकी किती उंचावर ठेवावी हे मात्र त्याच्या हाती असते. पुढील सर्व सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

वापरातील पथ्ये

जुन्या पद्धतीचा बंब ६५° ते ७५° से. तापमानाचे पाणी देतो, घर झटपट तापवितो व बंद पडतो. त्या सवयीने उष्णता-पंप वापरणे ही सर्वांत सामान्य चूक होय. या यंत्रास कोमट पाणी व दीर्घकाळ संथ गतीने चालणे मानवते. जमिनीखाली नळ्या पसरलेल्या घरात ३०° ते ३५° से. चे पाणी पुरते. भिंतीलगतच्या रेडिएटरांसाठी मात्र विचार करावा लागतो. २०° से. च्या खोलीत रेडिएटरातील पाण्याचे सरासरी तापमान ७०° से. वरून ४५° से. वर आणल्यास त्यातून मिळणारी उष्णता मूळच्या सुमारे ४० टक्केच राहते. त्यामुळे काही खोल्यांत मोठे रेडिएटर बसविणे, किंवा छत व खिडक्यांतून होणारा उष्णतेचा ऱ्हास आधी कमी करणे आवश्यक ठरते.

पाण्याचे तापमान वर्षभर एकच ठेवण्याचेही कारण नाही. बाहेरील थंडीनुसार ते आपोआप कमीअधिक करणारे नियंत्रण बहुतेक आधुनिक पंपांत असते; उदाहरणार्थ, बाहेर −५° से. असता ४५° से. व बाहेर १०° से. असता ३०° से. बाहेरील व पाण्याच्या तापमानांचा हा संबंध दर्शविणारी रेषा प्रत्येक घरास अनुरूप करावी लागते. घर पुरेसे उबदार असेल तर ती एकेक अंशाने खाली आणावी व प्रत्येक बदलानंतर दोनतीन दिवस वाट पाहावी. केवळ कडक थंडीतच खोल्या गार पडत असतील तर रेषेचा चढ वाढवावा. केवळ सौम्य हवेत गार पडत असतील तर संपूर्ण रेषा किंचित वर उचलून चढ कमी करावा. या काळात खोल्यांमधील रेडिएटरांच्या झडपा शक्यतो उघड्या ठेवाव्यात. त्या एकामागून एक बंद झाल्यास पाण्याचा प्रवाह आटतो व संपीडक वारंवार सुरू-बंद होऊ लागतो. अशा वारंवारतेने वीज वाया जाते व यंत्राचे आयुष्यही घटते.

रात्री यंत्र पूर्णपणे बंद ठेवल्याने बचत होते, ही समजूतही तपासून पाहावयास हवी. घरातील तापमान उतरू दिल्याने उष्णतेचा ऱ्हास थोडा कमी होतो हे खरे. परंतु पहाटे घर त्वरेने तापविण्यासाठी अधिक उष्ण पाणी लागते आणि कित्येकदा सहायक विद्युत्-तापक सुरू होतो. त्याचा कार्यगुणांक केवळ १ असल्याने रात्रीची बचत सकाळी नाहीशी होते. जाड भिंतींच्या घरात रात्री एकदोन अंशांहून अधिक उतार सहसा हितावह नसतो.

स्नानाच्या पाण्याचा प्रश्न निराळा आहे. नित्य वापरास ४५° ते ५०° से. पुरते, परंतु २०° ते ४५° से. या टप्प्यात लीजिओनेला जातीचे रोगजंतू वाढतात. यास्तव टाकीतील पाणी ठराविक दिवसांनी ६०° से. पर्यंत तापविण्याची योजना असते. काटकसरीसाठी ती रद्द करू नये.

निगा

हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाचा बाहेरील भाग मोकळ्या हवेत असावा. पानगळीच्या दिवसांत पाने, कडक थंडीत बर्फ व एरवी वाढलेली झुडपे हवेचा मार्ग अडवितात. हवा कमी मिळाली की बाहेरील नळीजाळ्याचे तापमान आणखी उतरते आणि ‘उंची’ वाढते. बाहेरील हवा ०° से. च्या किंचित वर व दमट असली की या जाळ्यावर हिमाचा थर जमतो. ब्रिटनसारख्या सागरी हवामानात असे दिवस पुष्कळ येतात. तो वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे चक्र उलटे फिरविते व घरातील पाण्याचीच उष्णता बाहेर नेते. त्या वेळी उठणारी वाफ पाहून धूर निघत असल्याचा भ्रम होतो, परंतु ती क्रिया स्वाभाविक आहे. वितळलेले पाणी वाहून जाण्यास वाट मात्र असावयास हवी. ते तेथेच गोठल्यास पंख्यास इजा पोहोचते.

घरातील जलचक्राकडे बंबापेक्षाही अधिक लक्ष द्यावे लागते. बंबातून बाहेर पडणारे व परत येणारे पाणी यांत २०° से. पर्यंत अंतर चालते, तर पंपात ते सुमारे ५° से. इतकेच राखले जाते. साहजिकच तितकीच उष्णता वाहून नेण्यास चौपट प्रवाह लागतो. त्यामुळे जुन्या नळांतील गंजाचा गाळ गाळणीत साचला की कार्यक्षमता लगेच खालावते. गाळणी वर्षातून किमान एकदा स्वच्छ करावी, पाण्याचा दाब पाहावा व साचलेली हवा काढून टाकावी. थेट हवा खेळविणाऱ्या पंपात आतील जाळी महिन्यातून एकदा धुणे इष्ट असते.

प्रशीतक द्रव्याच्या बंद चक्रास मात्र घरमालकाने हात लावू नये. आर-४१०ए हे द्रव्य कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २,०९० पट, तर आर-३२ हे सुमारे ६७५ पट तापनकारी आहे. प्रोपेनचा हा परिणाम अत्यल्प आहे, परंतु ते ज्वालाग्राही आहे. गळतीची शंका येताच प्रशिक्षित तंत्रज्ञास बोलावणे हेच योग्य.

सर्वांत महत्त्वाची निगा म्हणजे मोजमाप. पंपाचा वीजमापक व शक्य असल्यास उष्णतामापक यांची दरमहा नोंद ठेवल्यास कार्यगुणांकातील घसरण वेळीच कळते. बिघडलेला बंब घर गार ठेवतो, त्यामुळे त्याचा दोष तत्काळ उघड होतो. उष्णता-पंपाचा दोष मात्र घर उबदार राहूनही विजेच्या देयकात दडून बसतो.

महाराष्ट्रात गृहतापनाची गरज क्वचितच भासते, तरी हा नियम येथेही अपरिचित नाही. वातानुकूलक हे याच चक्राने चालणारे यंत्र आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तरतुदीनुसार जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांचे मूळ तापमान २४° से. ठरविण्यात आले, त्यामागेही उंची कमी करण्याचाच विचार आहे. यंत्र घरास तापवो वा निववो, गरजेपुरतेच अंतर चढविणे व ते अंतर वाढविणारे अडथळे दूर ठेवणे, यातच त्याच्या कार्यक्षम वापराचे सार आहे.