हाक्का नूडल्सचे कोलकाता

‘हाक्का नूडल्स’मधील हाक्का हे पाककृतीचे नाव नव्हे, ते एका चिनी समाजाचे नाव आहे. या समाजाची भारतातील जुनी व मोठी वस्ती कोलकात्यात आहे. बदलीनिमित्त वा प्रवासात तेथे जाणे झाल्यास खवय्यांनी टांगऱ्याची वाट अवश्य धरावी.

टांगरा हा मूळचा चर्मोद्योगाचा परिसर. प्रदूषणामुळे कातडी कमावण्याचे कारखाने तेथून हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. मग अनेक हाक्का कुटुंबांची भिस्त उपाहारगृहांवरच राहिली. येथील नूडल्समध्ये हिरवी मिरची, लसूण आणि सोया सॉस सढळ हाताने पडतो. चीनमध्ये ही चव शोधू नये; ती बंगाली जिभेशी झालेली तडजोड आहे आणि मोठी झणझणीत आहे! एक प्लेट दोघांना सहज पुरते.

सौम्य चव हवी असल्यास गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवरील ‘ओ च्यू’ गाठावे. जोसेफिन नूडल्स ही तेथील खासियत. चिमणी सूप हवे असेल, तर आधी कळवावे लागते.

१९६२ च्या युद्धानंतर अनेक भारतीय चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. पुढे कित्येकांनी कॅनडाची वाट धरली. पोद्दार कोर्टानजीकच्या टिरेटा बाजारात भल्या पहाटे मांडल्या जाणाऱ्या न्याहारीत म्हणूनच चिनी विक्रेते आता थोडेच दिसतात. त्यांच्या हातचे माशाच्या गोळ्यांचे सूप आणि वाफाळते बाव खायचे, तर रविवारी सहालाच पोहोचावे. सुटे पैसे जवळ असू द्यावेत.