वॉर्सातला एक स्टुडिओ आणि खेळाडूच्या वाट्याला येणारे निर्णय

जून २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने शालेय वाचनाच्या यादीत एक व्हिडिओ गेम घालण्याचं जाहीर केलं. घोषणा पंतप्रधान मातेऊश मोराविएत्स्की यांनी स्वतः केली. कादंबऱ्या आणि नाटकांच्या पंगतीत ‘धिस वॉर ऑफ माइन’ जाऊन बसला. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठीचा असल्यामुळे तो सक्तीचा नव्हता. समाजशास्त्र, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास शिकवणाऱ्यांनी हवा तर वापरावा आणि विद्यार्थ्यांना तो फुकट मिळावा, अशी ती योजना होती. हा गेम ज्यांनी घडवला त्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’चं वय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं होतं.

मात्र त्यामागची माणसं नवखी नव्हती. १९९२ मध्ये, म्हणजे कम्युनिस्ट राजवट संपून तीनच वर्षं झाली असताना, ग्झेगोश मिएखोव्स्की आणि आद्रियान ख्मिएलाश यांनी मेट्रोपोलिस सॉफ्टवेअर ही कंपनी काढली होती. तेव्हा वॉर्सात आठवड्याच्या शेवटी संगणकांचा बाजार भरे आणि तिथे गेमच्या नकला उघडपणे विकल्या जात. कारण सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा कॉपीराइट कायदाच पोलंडमध्ये १९९४ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी मेट्रोपोलिसने ‘तायेम्नित्सा स्तातुएत्की’ हा पोलिश भाषेतला साहस-गेम विकायला काढला होता. ज्या बाजारात कुणी पैसे मोजून गेम घेत नव्हतं, तिथे स्वतःच्या भाषेत गेम लिहून तो विकायचा, याला धाडसच म्हणायला हवं. पुढे १९९९ च्या ‘गोर्की १७’ने मेट्रोपोलिसचं नाव देशाबाहेरही गेलं. २००८ मध्ये सीडी प्रोजेक्ट या दुसऱ्या पोलिश गेम-कंपनीने मेट्रोपोलिस विकत घेतली, आर्थिक मंदी आली आणि वर्षभरात मेट्रोपोलिसचं काम थांबलं. तयार होत असलेला एक मोठा गेम अर्ध्यावरच राहिला. तिथून आणि सीडी प्रोजेक्टमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी मिळून नवा स्टुडिओ उभारला.

सुरुवातीची वर्षं पोट भरण्याची होती. २०११ चा ‘अॅनोमली: वॉरझोन अर्थ’ मात्र कल्पक होता. टॉवर डिफेन्स प्रकारच्या गेममध्ये आपण बुरुज उभारून शत्रूची वाट अडवतो. इथे बुरुज शत्रूचे, आणि त्यांच्यातून वाट काढणारा ताफा आपला. त्याच वर्षी त्याला अॅपलचं डिझाइन पारितोषिक मिळालं आणि मग त्याच मालिकेचे पुढचे भाग येत राहिले. ते चांगले होते, खपलेही. पण हा स्टुडिओ तिथेच थांबला असता तर आज त्याच्यावर लिहिण्याचं कारण उरलं नसतं.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘धिस वॉर ऑफ माइन’ आला. युद्धावरचे गेम तोवर ढिगाने होते आणि त्यांत खेळाडूच्या हातात बंदूक असे. या गेममधल्या लोकांना युद्ध नको आहे. वेढा पडलेल्या एका काल्पनिक शहरातलं पडकं घर आहे आणि त्यात आसऱ्याला आलेली दोनचार माणसं. कात्या बातमीदार होती, ब्रुनो स्वयंपाकी, पावले फुटबॉल खेळायचा. दिवसा बाहेर पडलं तर नेमबाज टिपतात, म्हणून दिवसभर घरातच चूल बांधायची, भिंतींची भोकं बुजवायची, पावसाचं पाणी साठवून गाळायचं, मोडक्या फर्निचरचं सरपण करायचं. रात्री एकाने पाठीला पिशवी लावून बाहेर पडायचं. पिशवीत मावेल तेवढंच आणता येतं. औषध आणलं तर अन्न राहतं आणि अन्न आणलं तर सरपण राहतं.

या शहरात एका वृद्ध जोडप्याचं घर आहे. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधं आहेत आणि प्रतिकार करण्याची ताकद नाही. घरी ब्रुनो तापाने फणफणलेला आहे. गेम तुम्हाला काहीच सांगत नाही. गुण वजा होत नाहीत, पोलीस येत नाहीत. तुम्ही त्यांच्या घरातला एक डबा उचलता, म्हातारा मागे मागे येऊन विनवत राहतो, आणि सकाळी तुमचं पात्र कोपऱ्यात बसून जेवायलाही उठत नाही. काही पात्रं या खिन्नतेतून घर सोडून जातात, काही जीव देतात. मेलेलं माणूस परत येत नाही. मला या स्टुडिओचं सगळ्यात मोठं काम इथे दिसतं. कादंबरीत असा प्रसंग वाचताना आपल्याला दया येते, चीड येते, पण डबा उचललेला असतो दुसऱ्याच कुणीतरी. इथे तो आपण उचललेला असतो आणि का उचलला याचं उत्तर आपल्याजवळ तयारही असतं. ते उत्तर खोटं नसतं, म्हणून ते जास्त छळतं.

गेमची मुख्य प्रेरणा १९९२ ते १९९६ या काळातला सारायेव्होचा वेढा. जवळजवळ चार वर्षं लाखो नागरिक वीज-पाण्याविना आणि बंदुकांच्या टप्प्यात जगले. घडवणाऱ्यांनी त्या वेढ्यातून वाचलेल्यांच्या आठवणी वाचल्या. पण ही माणसं वॉर्सातली होती हेही विसरून चालणार नाही. १९४४ च्या उठावात आणि त्यानंतर हे शहर जर्मनांनी पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केलं होतं, आणि तळघरांत काढलेल्या दिवसांच्या कथा तिथल्या घराघरांत आहेत. पोलिश नागरिकांच्या युद्धकाळातल्या परवडीचा एक धागा आपल्याकडेही येतो. सोव्हिएत छळछावण्यांतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून काही वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला होता. युद्धात लढणाऱ्यांपेक्षा निभावून नेणारेच जास्त असतात, ही गोष्ट त्या देशाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेमवरचा खर्च दोन दिवसांत वसूल झाला. २०१९ पर्यंत त्याच्या ४५ लाख प्रती खपल्या होत्या. गेमच्या ‘द लिटल वन्स’ या वाढीव आवृत्तीत घरात लहान मुलंही आली: त्यांच्याशी खेळावं लागतं, त्यांना बारीकसारीक कामं शिकवावी लागतात, आणि त्यांच्यादेखत मोठ्यांना खचून चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा स्टुडिओने या गेमचा सात दिवसांचा सगळा नफा युक्रेनच्या रेड क्रॉसला दिला. ती रक्कम सुमारे साडेआठ लाख डॉलर भरली. युद्ध सीमेपलीकडे आलं होतं आणि त्यांचा आठ वर्षांपूर्वीचा गेम एकाएकी वर्तमान झाला होता.

हातात पैसा आल्यावर स्टुडिओने तो दोन ठिकाणी घातला. एक, इतर छोट्या स्टुडिओंचे गेम प्रकाशित करण्यात. स्पेनमधल्या डिजिटल सनचा ‘मूनलायटर’ त्यातूनच आला. दुसरं, आपल्याच पुढच्या गेममध्ये. २०१५ मध्ये कंपनी वॉर्सा शेअर बाजाराच्या मुख्य बाजारात नोंदली गेली. शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीला स्वतंत्र म्हणावं का, असं कुणी विचारेल. माझ्या मते म्हणावं, कारण गेम कोणता करायचा आणि कधी काढायचा हे ठरवणारा प्रकाशक तिच्या डोक्यावर बसलेला नाही. तसा असता तर ‘फ्रॉस्टपंक’ मंजूर झाला असता असं मला वाटत नाही.

२४ एप्रिल २०१८ ला आलेल्या या गेममध्ये साल आहे १८८६. जग गोठलं आहे. लंडन सोडून निघालेले काही लोक एका प्रचंड कोळशाच्या जनित्राभोवती वर्तुळात शहर वसवतात आणि खेळाडू त्यांचा प्रमुख. कोळसा कमी पडतो तेव्हा कायदे करायचे असतात. मुलांना कामावर लावायचं की त्यांच्यासाठी निवारा बांधायचा? जेवण पुरवण्यासाठी त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा का? सलग चोवीस तासांची पाळी लावायची का? आणि लोक हताश होऊ लागले की आणखी पुढे जायचं: धर्माच्या नावाने त्यांना बांधायचं की शिस्तीच्या. एकेक कायदा त्या त्या दिवशी समजण्याजोगा वाटतो, आणि पंचवीस-तीस दिवसांनी आपण चौकात माणसं फोडून काढायला पहारेकरी नेमलेले असतात. शेवटी येणारं महावादळ ओसरल्यावर गेम शहराचा सारा प्रवास झरझर दाखवतो आणि हे सगळं करणं योग्य होतं का, असं विचारतो. हा प्रश्न मला थोडा उशिरा आणि थोडा मोठ्याने विचारलेला वाटतो. भुशाच्या कायद्यावर बोट ठेवताना तो विचारून झालेला असतो.

पहिल्या ६६ तासांत ‘फ्रॉस्टपंक’च्या अडीच लाख प्रती गेल्या. त्याचा दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये आला. कथेत तीस वर्षं पुढे गेलेल्या त्या शहरात आता कोळशाच्या जागी तेल आहे आणि हुकूमशहाच्या जागी शंभर प्रतिनिधींची परिषद. कायदा मंजूर करून घ्यायला गटांना वचनं द्यावी लागतात, ती पाळावीही लागतात. विचार म्हणून हा भाग पहिल्याहून प्रौढ आहे. पण शहर इतकं पसरलं आहे की त्यातली माणसं दिसेनाशी होतात आणि पहिल्या भागातला तो एकेका मजुराचा चटका इथे बसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टुडिओने ‘प्रोजेक्ट ८’ या नावाने चाललेला एक कथाप्रधान गेम रद्द केला. गेमच्या बाजारात कथाप्रधान कामाला असलेली मागणी बदलली, असं कारण दिलं. वर्षानुवर्षांचं काम असं पुसलं जाणं, आणि तेही कथाप्रधान गेममुळेच ज्याचं नाव झालं त्या घरात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जून २०२५ मध्ये ‘द आल्टर्स’ आला आणि त्यात माणूस पुन्हा जवळ आला. यान डोल्स्की हा कामगार परग्रहावर एकटा अडकला आहे. तळ चालवायला माणसं हवीत, म्हणून तो स्वतःच्याच पर्यायी आवृत्त्या निर्माण करतो: बापाशी भांडून घर न सोडलेला यान, वेगळं शिक्षण घेतलेला यान, बायकोच्या मागे गेलेला यान. चेहरा तोच, पण प्रत्येकाचं कौशल्य निराळं, तक्रारही निराळी, आणि ती ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही. ‘फ्रॉस्टपंक’मध्ये इतरांसाठी घेतलेल्या निर्णयांचा हिशेब होता, इथे स्वतःच्या आयुष्यात घेतलेल्या आणि न घेतलेल्या निर्णयांचा आहे.

काही दिवसांतच खेळाडूंना या गेममधल्या एका संगणक-पडद्यावर आणि काही भाषांच्या उपशीर्षकांत कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुराचे उघड अवशेष सापडले. स्टुडिओने खुलासा केला: पडद्यावरचा मजकूर तात्पुरता होता आणि चुकून राहिला, काही भाषांतरं ऐनवेळी वेळ नसल्यामुळे यंत्राकडून करून घेतली, ती बदलू. मजकूर थोडाच होता, तरी खेळाडू चिडले ते रास्तच होतं. एका डब्याचाही जाब विचारणारे गेम याच लोकांनी घडवले आहेत, आणि विक्रीच्या पानावर या वापराची आगाऊ कबुली द्यायचा नियम त्यांनाही लागू होता.